तारखेचं तिकीट

जत स्टँडवर सकाळी सांगलीची गाडी लागते तेव्हा गर्दीत कॉलेजची पोरं असतात, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं असतात, मार्केट यार्डात काम असलेले शेतकरी असतात. त्यांच्यातच एखादी बाई असते आणि तिच्या शेजारी सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मान खाली घालून बसलेला असतो. कंडक्टर आला की ती कनवटीचे पैसे काढते आणि सांगते, ‘एक हाफ, एक फुल.’ १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून हाफ तिचं. फुल पोराचं, कारण बारा वर्षांवर सवलत नाही. वडील घरीच राहिलेत. ते आले असते तर आणखी एक फुल लागलं असतं, शिवाय दोघांचा रोज बुडाला असता. शेजारणीनं ‘कुठं निघालाय गं?’ विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं : दवाखान्यात.

निघालेली असते ती तारखेला.

या बाईचं नाव इथं नाही, आणि ती कुणी एकच बाई नाही. बाल न्याय कायदा, २०१५ याच्या कलम ७४ नं अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई केली आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा पुढचा संसार कल्पनेतला आहे. कायदा, कलमं आणि निकाल मात्र खरे.

समजा, या पोरानं दोघा बरोबरीच्या मित्रांच्या नादानं कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीची केबल कापली आणि तांबं भंगारात घातलं. सांगली-साताऱ्याच्या शिवारात हा प्रकार काही नवलाचा नाही. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि बाल न्याय कायद्याच्या मोजमापात तीन वर्षांपर्यंतचा गुन्हा ‘किरकोळ’ ठरतो. अशा प्रकरणात मोठी माणसं सामील नसतील तर मुलावर एफआयआरसुद्धा होत नाही, ठाण्याच्या डायरीत नोंद होते. त्याला कोठडीत टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं उभं करावं लागतं. पोलिसी भाषेत तो आता ‘आरोपी’ नसतो, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो. शब्द जड आहे, पण तो मुद्दाम निवडलेला आहे.

मंडळ म्हणजे कोर्ट नव्हे, हेही कायद्यानं बजावून ठेवलंय. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असे तिघे, त्या दोघांत किमान एक बाई. बैठक कोर्टाच्या किंवा तुरुंगाच्या आवारात घ्यायची नाही, निरीक्षणगृहात किंवा त्याच्या आसपास घ्यायची. सांगलीत दादूकाका भिडे यांच्या नावाचं मुलांचं निरीक्षणगृह आहे. गावाकडं मात्र या सगळ्याला एकच शब्द आहे, ‘कोर्ट’. आणि कोर्ट म्हटलं की पुढचा शब्द आपोआप येतो, ‘खर्च’.

तर हा खर्च मांडून बघू. जत ते सांगली ऐंशी-नव्वद किलोमीटर. एका बाजूचं पूर्ण तिकीट दीडशे रुपये धरलं, तर आईचे पंच्याहत्तर आणि पोराचे दीडशे. जाऊन-येऊन साडेचारशे झाले. आईचा बुडालेला रोज तीनशे. अर्ज टाईप करणं, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो यांचे शंभर. दुपारी दोघांचा चहा-वडापाव साठ. एका तारखेला नऊशे दहा रुपये. किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत संपवायची, असं कायदा म्हणतो. महिन्याला दोन तारखा धरल्या तरी आठ तारखांचे सात हजार दोनशे ऐंशी होतात. यात अजून वकील आलेला नाही, जामीन आलेला नाही आणि दंडाचं तर नावच नाही. आणि केबलच्या तांब्याचे भंगारवाल्यानं पोरांना हजार-दीड हजार दिले असतील, तेही तिघांत वाटून.

गंमत म्हणजे या हिशेबात कोर्टफी कुठंच नाही. लोकांना वाटतं, कोर्टफीच महाग. ती दिवाणी दाव्यात महाग असते. जमिनीचा, पैशाचा दावा लावणाऱ्याला दाव्याच्या रकमेच्या हिशेबानं भरावी लागते. फौजदारी प्रकरणात फिर्यादी सरकार असतं, त्यामुळं ज्याच्यावर आळ आहे त्याला प्रकरण चालवायची फी नाही. वकीलपत्राला तिकीट, एखाद्या अर्जाला तिकीट, नकलांचे पैसे, एवढंच. त्यातही अटकेत असलेल्या माणसाच्या अर्जाला फी नाही, हे ब्रिटिशांच्या १८७० च्या कोर्टफी कायद्यापासून चालत आलंय. न्यायालयात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्र सरकारनं २००४ मध्येच माफ केलं. तरी प्रतिज्ञापत्र म्हटलं की आपला माणूस आधी स्टँपवेंडरची रांग धरतो. कागद कोरा चालतो, हे त्याला सांगणार कोण? स्टँप विकणारा तर नक्कीच सांगणार नाही.

वकिलाचंही तसंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, लागू झाला ९ नोव्हेंबर १९९५ ला. त्याच्या कलम १२ मध्ये फुकट वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक, ठरावीक उत्पन्नाखालचे लोक. याच यादीत दोन सुटसुटीत शब्द आहेत : स्त्री किंवा बालक. त्यांना उत्पन्नाची अट नाही. पोरगा मजुराचा असो की बागायतदाराचा, तो अठरा वर्षांखालचा आहे एवढंच पुरे. आणि फुकट म्हणजे नुसता वकील फुकट नव्हे. कोर्टफी, समन्सचा खर्च, टायपिंग, भाषांतर, नकला हे सगळं त्यात आलं. मुलाला ही मदत मिळते की नाही हे पाहणं मंडळाचंच काम आहे, तसं कलम ८ मध्ये लिहिलंय. त्यासाठी सांगलीला विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात किंवा साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात जावंच लागतं असंही नाही. तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन आहे.

मग माणसं कर्ज काढून खासगी वकील का लावतात? एक तर घाबरलेल्या आईला ‘फुकटातला वकील काय लढणार’ असं वाटतं, आणि ते वाटणं दरवेळी खोटंच असतं असंही छातीठोक म्हणता येणार नाही. दुसरं म्हणजे पोरगा ठाण्यात नेल्यापासूनच्या पहिल्या चार तासांत तिच्याभोवती जी माणसं असतात, त्यांत विधी सेवेचं कुणी नसतं. ‘मी मिटवून देतो’ म्हणणारा मात्र हटकून असतो. त्याची फी कुठल्याच कायद्यात लिहिलेली नाही, आणि सगळ्यात आधी तीच भरली जाते.

खरी अडचण येते जामिनाशी. बाल न्याय कायद्याचं कलम १२ मोठ्यांच्या कायद्याच्या उलट चालतं. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, मुलाला सोडायचंच. जामीनदार घेऊन किंवा जामीनदाराशिवाय, किंवा परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली. अडवायची कारणं तीनच : सुटला तर गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच हरेल. घर गरीब आहे, हे कारण त्या यादीत नाही. पण ‘जामीनदार घेऊन किंवा जामीनदाराशिवाय’ यातला पहिला पर्याय हाताला सवयीचा असतो. मग जामीनदार आणा, त्याचा सातबारा आणा, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला आणा, आधारकार्ड आणा.

जत, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यात सातबारा बऱ्याच घरांत असतो, पण त्यावर सोसायटीचा बोजा असतो. आणि ज्यांच्याकडं सातबाराच नाही त्यांचं काय? कार्तिकात साखर कारखान्यांची धुराडी पेटली की कराड, वाळवा, पलूसच्या फडात बीडकडच्या ऊसतोड टोळ्या उतरतात. कोप्या पडतात. त्यातल्या एखाद्या पोरावर असा प्रसंग आला तर त्याला या जिल्ह्यात ओळखतो कोण? मुकादम. जामीनदार व्हायला मुकादम तयार झालाच तर पुढच्या हंगामाची उचल त्याच्या अटीवर घ्यावी लागते. गावाकडचा चुलता जामीन राहायला तयार असतो, पण त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात.

नेमक्या याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये निकाल दिलाय. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा गवंडी. खालच्या न्यायालयानं त्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि भाऊ जामीन राहतो म्हणाला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा जामीन एक हजाराच्या जातमुचलक्यावर आणला आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारणं चुकीचं ठरवलं. निकाल मोठ्या माणसाचा होता. मुलाला तर तो अधिकच लागू पडायला हवा. पण हा निकाल जवळपास पन्नास वर्षांचा झाला तरी ‘लोकल जामीनदार आणा’ हे वाक्य काही म्हातारं झालं नाही.

बाल न्याय कायद्यानं आणखी एक खिडकी उघडी ठेवली आहे. कलम १२ चं चौथं पोटकलम. जामिनाचा हुकूम झाला, पण सात दिवसांत मुलाला त्याच्या अटी पुऱ्या करता आल्या नाहीत, तर त्याला परत मंडळापुढं आणायचं आणि अटी बदलायच्या. थोडक्यात, आठव्या दिवशीही पोरगा केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून निरीक्षणगृहात असेल तर चूक आईबापांची नाही. ती अट त्या घराच्या मापाची नव्हती, एवढंच. अलीकडं ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका मुलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं हेच केलं. वर्षभराहून अधिक काळ अडकलेल्या त्या मुलाला जामीनदाराशिवाय सोडलं आणि परिविक्षा अधिकाऱ्याला देखरेख करायला सांगितलं. कागदावर हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाइतकाच सांगलीच्या आणि साताऱ्याच्या मंडळालाही आहे.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीनं दोघांचा जीव घेतला, तेव्हा याच कलम १२ खाली त्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट होती, त्यावरून देशभर गदारोळ झाला. निबंधाची थट्टा झाली ती झाली. पण जतच्या पोराला आणि त्या पोराला लागू असलेलं कलम एकच होतं, हे त्या गदारोळात कुणी फारसं बोललं नाही. फरक होता तो कलम वाचून दाखवणारा वकील किती तासांत पोचला, याचा.

आता दंड. चौकशीत मुलगा दोषी आढळला तर मंडळ काय काय करू शकतं, याची यादी कलम १८ मध्ये आहे. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, अगदी टोकाला तीन वर्षांपर्यंत विशेष गृह. या यादीच्या मधोमध बसलंय पोटकलम (घ) : मुलाला किंवा त्याच्या आईबापांना दंड भरायला सांगणं. आधीच्या, म्हणजे २००० च्या कायद्यात मुलाला दंड करायचा तर तो चौदा वर्षांवरचा आणि कमावता असला पाहिजे, अशी अट होती. २०१५ मध्ये ती गेली. आता मुलगा काम करत असेल तर कामगार कायदे मोडले जाणार नाहीत हे बघा, एवढंच उरलं. आईबापांची ऐपत तपासा, असं एक अक्षर त्या पोटकलमात नाही.

तरी मंडळाच्या हातात ऐपतीचा पुरावा असतोच. परिविक्षा अधिकाऱ्यानं दोन आठवड्यांत द्यायचा सामाजिक तपासणी अहवाल. तो माणूस घरी जातो, चूल बघतो, कमावती माणसं किती, शाळा का सुटली, बाप पितो का, हे लिहून आणतो. हा अहवाल नीट वाचला तर दंडाचं पोटकलम बहुतेक वेळा आपोआप बाजूला पडावं. पाचशे रुपये दंड केला तर तो आई भरणार, उसनवारी करून. पोराला काय कळणार? त्यापेक्षा ज्याची केबल कापली त्या शेतकऱ्याच्या देखत महिनाभर ग्रामपंचायतीच्या रोपवाटिकेला पाणी घालायला लावलं, तर ते पोराच्या अंगाला लागेल. लेखकाचं हे मत काहींना भाबडं वाटेल. पण समाजसेवेचं पोटकलम यादीत दंडाच्या आधी आहे, हे काही लेखकानं ठरवलेलं नाही.

सांगली-साताऱ्यातल्या आईबापांना ज्या दंडाची खरी धास्ती हवी, तो मात्र बाल न्याय कायद्यात नाहीच. तो मोटार वाहन कायद्यात आहे.

पहाटे डेअरीला दूध घालायला किटल्या लावून जाणारी मोटारसायकल बघा. कॉलेजला ट्रिपल सीट निघालेली बघा. शाळा सुटल्यावर धाकट्या बहिणीला आणायला गेलेली बघा. चालवणाऱ्याला मिसरूड फुटलेलं असतं-नसतं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि तशी गाडी आता बाजारात शोधून सापडत नाही. घरात असते शंभर सीसीची. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात कलम १९९-अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून त्या कायद्याखालचा गुन्हा केला, तर दोषी ठरतो मुलाचा पालक किंवा गाडीचा मालक. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. आणि गाडी पालकाच्या संमतीनंच नेली होती, असं न्यायालय धरून चालतं. नव्हती हे सिद्ध करायचं काम पालकाचं. ‘मला माहीत नव्हतं’ किंवा ‘मी पुरती काळजी घेतली होती’ हे दाखवता आलं तर सुटका. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असेल तर हे दाखवणं अवघड.

यात घराची कशी ओढाताण होते बघा. पोराचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढं, बापाचं नेहमीच्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढं. म्हणजे दोन ठिकाणी तारखा. गाडीची नोंदणी रद्द झाली म्हणजे दूध डेअरीला पोचवायचं कसं, हा तिसरा प्रश्न. आणि पंचवीस हजार हा आकडा सगळ्यांना सारखा. कराडच्या बंगल्यात राहणाऱ्याला तो एका महिन्याच्या पेट्रोलचा खर्च असेल. जतच्या मजुराला तो तीनशेच्या रोजानं त्र्याऐंशी दिवसांचा घाम आहे, आणि काम रोज मिळतं असं नाही.

याचा अर्थ कलम चुकीचं आहे, असा नव्हे. सोळाव्या वर्षी रस्त्यावर मेलेली पोरं या दोन्ही जिल्ह्यांनी पुष्कळ बघितली आहेत. पण दंडाची भीती तेव्हाच उपयोगी, जेव्हा तो आधी माहीत असतो. इथं तो कळतो गाडी ठाण्यात लागल्यावर. आणि याहून मोठं संकट तर दंडाच्याही पलीकडं असतं. अपघातात कुणी जखमी झालं किंवा गेलं, तर मोटार अपघात न्यायाधिकरण नुकसानभरपाई ठरवतं. चालवणारा बिनलायसन्सचा अल्पवयीन असेल तर विमा कंपनी आधी भरपाई देते आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करते. जवाहर सिंग विरुद्ध बाला जैन या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच कायम केलं. तिथंही मोटारसायकल चालवणारा अल्पवयीन होता आणि पैसे गेले मालकाच्या खिशातून. ती रक्कम हजारांत नसते, लाखांत असते. जमीन विकायला लावणारी असते.

घर विकायला लावणाऱ्या बिलाची गोष्ट अमेरिकेतही घडली. तिथं कॅलिफोर्नियात अनेक काउंट्या बालसुधारगृहात ठेवलेल्या मुलाच्या आईबापांना मुक्कामाचं बिल पाठवत. जेवणखाण, कपडे, दिवसाचा दर लावून. मुलाला सरकारनं दिलेल्या वकिलाची फीसुद्धा. ऑरेंज काउंटीतल्या एका आईला असं सोळा हजार डॉलरच्या वरचं बिल आलं. तिनं घर विकून साडेनऊ हजार भरले. काउंटीनं उरलेल्यांसाठी पाठ सोडली नाही. तिनं दिवाळं काढलं, तरीही नाही. शेवटी २०१६ मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं काउंटीला आवरलं. त्याच वर्षी अलामेडा काउंटीनं अशी वसुली थांबवली, आणि १ जानेवारी २०१८ पासून अख्ख्या कॅलिफोर्निया राज्यानं असं नवं बिल लावणंच बंद केलं. मागची थकबाकी माफ करायला आणखी तीन वर्षं लागली.

आपल्याकडच्या जुन्या बाल कायद्यांतही संस्थेत ठेवलेल्या मुलाच्या पोषणासाठी आईबापांकडून वर्गणी घ्यायची तरतूद होती. आजच्या कायद्यात निरीक्षणगृहातल्या भाकरीचं बिल आईच्या हातात देता येत नाही. एवढ्यापुरते आपण कॅलिफोर्नियाच्या आधी पोचलो, आणि हे मान्य करायला हरकत नाही.

न्याय स्वस्त आणि जवळ असावा, ही कल्पना या मातीला परकी नाही. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा बराचसा भाग १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्यात होता. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच मुलखात १९४३ ते ४६ चाललं, आणि त्याची न्यायदान मंडळं गावातच बसून भांडणं सोडवत. तिथं कोर्टफी नव्हती आणि तारखेला एसटीही धरावी लागत नव्हती. त्या न्यायाचे सगळेच प्रकार आज चालणार नाहीत. पायाला पत्री ठोकायची शिक्षा आठवली तरी ते कळेल. पण गावातला माणूस न्यायासाठी गावाबाहेर जाणार नाही, हे तिथं गृहीत होतं. त्याच्याही आधी, १९३९ मध्ये, औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंती नसलेला तुरुंग, जिथं कैदी शेती करत आणि कुटुंबासह राहत. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तीच. कैद झालेल्या माणसाचं घर मोडू नये, हा विचार ऐंशीच्या वर वर्षांपूर्वी जतच्याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यात प्रत्यक्ष चालवून दाखवलेला आहे.

तेव्हा खर्च कमी करायला नवा कायदा हवा असं नाही. असलेल्यातलीच काही कलमं वापरली तर ते पुरे. मंडळाची बैठक महिन्यातून एकदा जतला, एकदा दहिवडीला किंवा पाटणला घेता येईल का, याचा विचार व्हायला हरकत नाही; कोर्टाच्या आवाराबाहेरची सोयीची जागा तिथंही मिळेल. प्रत्येक तारखेला मुलाला समोर उभं करायलाच पाहिजे असंही नाही. गरज नसेल तर हजेरी माफ करायचा अधिकार कलम ९१ नं मंडळाला दिलाय.

आणि त्याच कलम ९१ चं दुसरं पोटकलम. मुलाला मंडळापुढं बोलावलं तर त्याचा आणि सोबतच्या एका माणसाचा प्रवासखर्च, प्रत्यक्ष झाला तेवढा, मिळण्याचा त्याला हक्क आहे. द्यायचा तो मंडळानं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षानं. मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून. मघाच्या हिशेबात एका तारखेचे साडेचारशे रुपये एसटीत गेले होते. आठ तारखांचे तीन हजार सहाशे. ते परत मागता येतात. जवळपास निम्मा खर्च. पण त्यासाठी तिकीट लागतं, आणि कंडक्टरच्या मशिनमधून निघणाऱ्या त्या चिठोऱ्याची शाई पदराच्या गाठीत घामानं महिनाभरात उडून जाते.

म्हणून ज्यांच्या ओळखीत, भावकीत, वर्गात किंवा कामावर असं एखादं घर असेल त्यांनी एवढं करावं. त्या आईला सांगावं, की तिकीट गाडीतून उतरल्यावर टाकू नका. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, नाहीतर मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जाण्याचं आणि येण्याचं, दोन्ही. आणि पुढच्या तारखेला मंडळापुढं उभं राहाल तेव्हा वकील असो-नसो, एक साधा अर्ज पुढं करा : कलम ९१, पोटकलम २. ही आमची तिकिटं.